संगणक ग्राफिक्स शिक्षण

संगणक ग्राफिक्स शिक्षण म्हणजे संगणकाच्या साहाय्याने चित्रे, आकृत्या व चलत्प्रतिमा निर्माण करण्याच्या विद्येचे महाविद्यालयीन अध्ययन होय. या विद्येला दोन अंगे आहेत : चित्र निर्माण करणारी आज्ञावली रचणे हे शास्त्रीय अंग, तर तयार आज्ञावली वापरून चित्र घडविणे हे कलात्मक अंग. दोहोंचे अभ्यासक्रम, प्रवेशपरीक्षा व व्यवसाय भिन्न असल्याने बारावीनंतर प्रवेश घेताना हा भेद ध्यानी घेणे आवश्यक ठरते.

इतिहास

आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत पीएच.डी.साठी रचलेली ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली या विषयाचा पाया मानली जाते. पुढे १९६८ मध्ये ते युटा विद्यापीठात गेले. तेथील विद्यार्थी आंरी गुरो व बुई तुओंग फाँग यांनी वक्र पृष्ठभागांवरील प्रकाशछटा दाखविण्याच्या पद्धती १९७० च्या दशकात शोधल्या. त्या आजही शिकविल्या जातात. याच विद्यापीठातील जॉन वॉर्नॉक अडोबीचे, तर एड कॅटमल पिक्सारचे सहसंस्थापक झाले. पिक्सारचा ‘टॉय स्टोरी’ (१९९५) हा पूर्णतः संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय.

अभ्यासविषय

शास्त्रीय शाखेत निर्देशक भूमिती, सदिश व आव्यूह यांचे ज्ञान अनिवार्य असते. वस्तू फिरविणे, सरकविणे, लहानमोठी करणे या क्रिया आव्यूहांच्या गुणाकाराने साधतात. पडदा चित्रबिंदूंचा बनलेला असल्याने तिरप्या रेषेसाठी कोणते बिंदू उजळावेत, हे ठरवावे लागते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रेझनहॅम यांची रीत हे काम पूर्णांकांच्या साध्या क्रियांनी करते. कलात्मक शाखेत रेखाटन, रंगसंगती, अक्षरलेखन, शरीररचना व हालचालींचे निरीक्षण यांवर भर असतो.

महाराष्ट्रातील शिक्षण

संगणक अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांत ग्राफिक्स हा विषय शिकविला जातो. आयआयटी मुंबई येथील अभिकल्प विभाग (आयडीसी) १९६९ मध्ये स्थापन झाला. तेथील पदवी अभ्यासक्रमासाठी ‘यूसीड’ ही परीक्षा द्यावी लागते. तिला कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांचे विद्यार्थी बसू शकतात. मुंबईतील सर जे. जे. उपयोजित कला संस्था ही उपयोजित कलेच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे.

व्यवसायसंधी

* शास्त्रीय शाखा : खेळांची आज्ञावली, यंत्रभागांच्या आराखड्यांची साधने, संगणकीय नकाशे, विमानचालकांच्या प्रशिक्षणातील आभासी दृश्ये, तसेच सीटी स्कॅनच्या छेदप्रतिमांपासून अवयवाची त्रिमितीय प्रतिमा तयार करणे.
* कलात्मक शाखा : ॲनिमेशन, चित्रपटांतील दृश्यपरिणाम, जाहिरात, पुस्तकांची सजावट, ॲप व संकेतस्थळांची मांडणी.

मुंबईतील चित्रपट व जाहिरात क्षेत्र आणि पुण्यातील वाहननिर्मिती उद्योग यांमुळे दोन्ही प्रकारच्या कामांना राज्यात वाव आहे.

मर्यादा

अल्पमुदतीच्या वर्गांत बहुधा एखादी विशिष्ट आज्ञावली हाताळणे शिकविले जाते. आज्ञावल्यांच्या आवृत्त्या काही वर्षांतच बदलतात. भूमिती, प्रकाशाचे नियम व रेखाटन ही मूलतत्त्वे मात्र टिकून राहतात. कलात्मक शाखेत नोकरीसाठी प्रमाणपत्राबरोबरच, किंबहुना त्याहून अधिक, उमेदवाराने केलेल्या कामाचा संग्रह पाहिला जातो. त्यामुळे अभ्यासक्रम निवडताना त्यात मूलतत्त्वे व प्रत्यक्ष काम यांना किती तास दिले आहेत, हे तपासणे हितावह असते.