रविवार कोणाचा?



आमचे भुसावळ रेल्वेचे गाव. इथे माणसाची ओळख ड्यूटीवरून. कोणी गार्ड, कोणी ड्रायव्हर. कोणाची नाइट, कोणाची रेस्ट. बाईला मात्र विचारतात, "तुम्ही काही करता, की घरीच?" बी.कॉम. होऊनही मी चाळीस वर्षे "घरीच" असे म्हणत आले.

परवा नातवाने विचारले, "आजी, रविवारी सुट्टी का असते?" म्हणून वाचायला बसले. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ती मागणी लावून धरली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या! 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गिरणीतल्या स्त्रियांचे काम दिवसाला 11 तासांपर्यंत मर्यादित केले.

हे वाचून मनात आले, त्या बाया घरी गेल्यावर चुलीला सुट्टी होती का? आपल्याकडे तर रविवारी काम वाढतेच. चौविहारवाल्यांचे ताट सूर्यास्ताआधी, दुकानातून उशिरा येणाऱ्यांचे नंतर. तरी जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई "काम न करणारी" या रकान्यात जाते.

2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोज सरासरी 289 मिनिटे जातात, पुरुषांची 88. मी आपला हिशोब मांडला. आपले सामायिक 48 मिनिटांचे. म्हणजे बाईची रोजची सहा सामायिके, पुरुषाची दोनही पूर्ण नाहीत.

पुणिया श्रावकाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. श्रेणिक राजाला सगळे राज्य देऊनही त्याच्या एका सामायिकाचे मोल चुकवता आले नाही. मग आपल्या वेळेला आपणच "काही नाही" का म्हणावे? घरकाम म्हणजे सामायिक नव्हे, हे मलाही कळते. पण वेळ तर तोच, आयुष्यातलाच.

घरात सांगून टाकले, रविवारी सकाळचे एक सामायिक माझे, तेव्हा चहा ज्याचा त्याने करायचा. पहिल्या रविवारी दूध उतू गेले. मी मुहपत्ती सोडली नाही.

आता कोणी विचारले तर सांगते, "घर चालवते."

काही चुकले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.