एका खोऱ्याचे दोन प्रवासी

पोलादपूर मागे टाकून उमरठच्या वाटेस लागले म्हणजे सह्याद्रीची भिंत हळूहळू अंगावर येऊ लागते. भाताची खाचरे अरुंद होत जातात, उतारावर नाचणी-वरीची दळी दिसू लागतात, आणि डोंगराच्या कुशीत ते लहानसे गाव दृष्टीस पडते. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगडावर देह ठेवणाऱ्या तानाजी मालुसऱ्यांची समाधी येथे आहे. तिच्यापुढे मस्तक नमविल्यावाचून कोणी मराठी मनुष्य परतत नाही. परंतु एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. परंपरा असे सांगते की, मालुसऱ्यांचे मूळ घर घाटावर, जावळीतील गोडवली येथे होते, व तेथून ते कुटुंब खाली उमरठास येऊन राहिले. म्हणजे ज्या गावास आपण वीराचे घर म्हणून वंदन करतो, ते घरही एका स्थलांतराचेच फळ होय.

गेल्या शे-दीडशे वर्षांत मात्र या खोऱ्यातील प्रवासाची दिशा पालटली. माणसे घाट उतरून येथे येत नाहीत. सावित्रीच्या काठाने महाड-दासगावास आणि तेथून मुंबईस जातात. पूर्वी ती गलबताने व आगबोटीने जात, पुढे मोटारीने जाऊ लागली. या प्रवासाचे वर्णन करताना आम्ही सर्वांना मिळून ‘चाकरमानी’ हे एकच नाव देतो. वस्तुतः एकाच खोऱ्यातून दोन समाज मुंबईस गेले. एक कुणबी-मराठ्यांचा, दुसरा महारांचा. दोघांची भाषा एक, भूक एक, पावसाळाही एक. पण दोघांची मुंबई एक नव्हती. कोणाचे भले झाले, किती झाले, व ‘भले’ कशास म्हणावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम निघण्याची कारणे पाहू. येथे शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, पण तो चार महिन्यांत वाहून जातो. भाताखालील जमीन थोडी, ती भावाभावांत वाटली गेलेली, आणि पुष्कळ गावी तिजवर खोताचा हक्क. कुणबी कूळ म्हणून राबे, पिकाचा वाटा खोताच्या कोठारात घाली, आणि दसऱ्या-दिवाळीनंतर घरातील एकदोन पुरुष मुंबईस पाठवी. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत परळ, लालबाग, वरळी ही नावे या खोऱ्यात तालुक्याच्या गावापेक्षाही अधिक ओळखीची झाली. १८८० पासून टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि सारा भरणे, लग्न करणे, कौले बदलणे हे सारे त्या कागदाच्या तुकड्यावर चालू लागले. कुणब्याच्या दृष्टीने मुंबई ही शेतीची पुरवणी होती. त्याचे चित्त गावी, हात तेवढे गिरणीत.

महारांचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. गावकीतील बलुते पोट भरण्यास अपुरे, वाट्यास आलेली कामे हलकी मानलेली, आणि जमीन नावापुरती. त्यांना बाहेर काढले ते प्रथम पलटणीने. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पलटणीत पगारापेक्षाही मोलाची एक गोष्ट त्यांस मिळाली, ती म्हणजे शाळा. शिपायांच्या मुलांना तेथे अक्षरओळख होत असे. पेन्शन घेऊन परतलेले हे लोक दासगाव, गोरेगाव व दापोलीच्या बाजूस स्थायिक झाले, आणि गावच्या महारवाड्यात लिहिता-वाचता येणारी, टाकठीक पोषाखाची, साहेबाशी बोललेली माणसे प्रथमच दिसू लागली. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतीलच. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा इतर सभासदांस ती रुचली नाही. परंतु याच सुमारास, १८९२-९३ च्या आसपास, सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. मराठ्यांस पलटणीचे दार उघडे राहिले, महारांस ते लागले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची एक पलटण उभारली गेली, ती १९२१ मध्ये मोडली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ उजाडावे लागले. मधल्या काळात या समाजास उरली ती मुंबईच.

आता मुंबईत या दोघांस काय मिळाले ते पाहू. गिरणीच्या दाराशी जात सोडावी लागते असे म्हणण्याची एके काळी रीत होती. ते अर्धेच खरे. यंत्रापुढे सारे सारखे असले तरी यंत्रापर्यंत पोहोचविणारा मुकादम असे, आणि तो आपल्या गावच्या व नात्याच्या माणसास आधी बोलावी. त्यात आणखी एक अडसर होता. साचेखात्यात विणकर सर्वांत अधिक मिळवी. धोट्यातील कांडी संपली म्हणजे नवी घालून तिच्या सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्यास महाराचे तोंड लागले त्यास आम्ही तोंड लावणार नाही, असे स्पृश्य विणकरांचे म्हणणे. म्हणून साचेखाते महारांस बंद. त्यांनी रिंगखात्यात, कमी मजुरीवर काम करावे. गिरणीबाहेर गोदीतील हमाली, रेल्वेतील अंगमेहनत, म्युनिसिपालिटीची साफसफाई ही त्यांची क्षेत्रे. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा साचेखात्याचा प्रश्न पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला. ज्या लाल झेंड्याखाली लाखभर कामगार एक झाले, त्याच्याही सावलीत हा धोटा विटाळलेलाच राहिला, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते.

यावरून कुणब्याची मुंबई सुखाची होती असे मात्र कोणी समजू नये. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या शंभर रहिवाशांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी बाहेर जन्मलेले होते, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे. या दोन आकड्यांत किती घरांची ताटातूट सामावली आहे! एका खोलीत दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने निजत, खानावळीत जेवत, आणि गणपतीस व शिमग्यास घर पाहत. त्याच वर्षी शहरात जन्मलेल्या हजार मुलांमागे मृत्यूची नोंद सहाशेंच्या वर गेली. बाळंतपणासाठी गावी गेलेल्या स्त्रियांच्या मुलांची नोंद तिकडे होई, म्हणून हा आकडा काहीसा फुगलेला असेल. पण तेवढी सूट देऊनही तो भयंकरच आहे. याच कोलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, ती हे सारे डोळ्यांनी पाहूनच. त्या एका खोलीत दोघेही प्रवासी सारखेच गुदमरत होते. फरक इतकाच की, कुणब्याच्या खोलीस गावकीच्या मंडळाचा आधार होता, आणि महाराची चाळ, नळ व खानावळ बहुधा वेगळी होती.

येथे आमच्या तुलनेचा खरा मुद्दा येतो. ज्यास गावी जमीन होती त्यास परतण्याची जागा होती. संप झाला, दुखणे आले, प्लेग आला, की कुणबी गावचा रस्ता धरी. तेथे निदान पेज मिळे. हा मोठाच आधार होय. परंतु ज्या दोरीने मनुष्य बुडता वाचतो तिनेच तो बांधलाही जातो. कुणब्याची मिळकत गावच्या घरात, देवळाच्या जीर्णोद्धारात, लग्नकार्यात गेली. मुलगा चौथी-पाचवी होताच बापाच्या जागी ‘बदली’ म्हणून गिरणीत लागला. गिरणी पिढ्यान्‌पिढ्या चालणार अशी त्याची खात्री होती. उलट, ज्यास परत जाण्यासारखे काही नव्हते, गावी गेल्यास वेशीबाहेरचा वाडा व मेलेली जनावरे ओढण्याचे काम एवढेच ज्याची वाट पाहत होते, त्याने आपली पुंजी कोठे घालावी? त्याच्यातील जाणत्यांनी ती शाळेत घातली. हा निव्वळ सद्गुणाचा भाग नव्हता. दुसरी वाटच खुली नव्हती.

त्या वाटेवरचा मोठा टप्पा या खोऱ्यातच आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोक शिस्तीने चालत गेले व पाणी प्याले. नगरपालिकेने ते तळे ठरावाने आधीच खुले केले होते. त्या ठरावास माणसांच्या ओंजळीने अर्थ आला. त्या परिषदेच्या आयोजकांत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते, आणि जमलेल्यांत पेन्शनर शिपाई पुष्कळ होते. म्हणजे बाहेर जाऊन आलेल्यांनी गावास नवा प्रश्न विचारला. परिषदेनंतर परतणाऱ्यांस मार बसला, तळ्याची ‘शुद्धी’ झाली, खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल येण्यास १९३७ चा मार्च उजाडला. या दहा वर्षांत या समाजाची मजुरी वाढली असेल-नसेल. त्याची मान वर झाली हे निश्चित. सुखाच्या हिशेबात ही रक्कम कोणत्या सदरात मांडावी, हे अर्थशास्त्र्यांनी सांगावे.

दोन्ही समाज एका पंक्तीस बसले असा प्रसंग इतिहासात घडलाच नाही, असे नाही. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे बिल विधिमंडळात आणले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो कुळे मुंबईत विधिमंडळावर चालून गेली. त्यांत कुणबी होते व महारही होते. खोताच्या कोठारात दोघांचेही भात जात होते. त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध दोघांचे पुढारी एका व्यासपीठावर उभे राहिले. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. पण तिच्या जाण्याचा लाभ ज्यांच्या नावे कूळ म्हणून जमीन होती त्यांस अधिक झाला, हे उघड आहे. महारांची वतने पुढे १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, आणि त्यांसोबत राबणुकीचे जुने जोखडही.

स्वातंत्र्यानंतर दोन प्रवासी आणखी दूर गेले. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, १९५६ साली धर्मांतर झाले. गिरणी-गोदीतील बापांची मुले कारकून, शिक्षक, पोस्टमन, रेल्वेचे नोकर झाली. कुणबी-मराठ्यांची मुले अद्याप साच्यापुढे होती, आणि मिळकतीत ती पुष्कळ काळ पुढेही होती. मग १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, आणि तो कधी संपला हे कोणासही निश्चित सांगता येत नाही. गिरण्या मोडल्या, जमिनींवर मनोरे उठले. ज्याने आपले सारे भवितव्य एका धंद्यास बांधले होते, त्याचा पाया सर्वांत आधी खचला. गावच्या घराची कौले मनीऑर्डरीवाचून गळू लागली. ज्या घरात पेन्शनची नोकरी आली होती ते घर तगले. या गणितात धोट्याने एके काळी बाहेर ठेवलेला मनुष्यच अखेरीस सुरक्षित ठरला, असे वरकरणी दिसते.

परंतु आम्ही येथे वाचकांस सावध करू इच्छितो. हे ‘दिसणे’ पूर्ण सत्य नव्हे. सरकारी नोकरी मिळालेली घरे नजरेत भरतात. रिंगखात्यातून बेकार होऊन झोपडपट्टीत गेलेली घरे भरत नाहीत. धर्मांतर केलेल्यांस केंद्राच्या सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. नोकरी मिळाली तरी गावी जमीन नाही ती नाहीच. तिकडे कुणब्यास वाटू लागले की, आपण मागे राहिलो ते शेजारी पुढे गेल्यामुळे. ही समजूत किती घातक असते ते जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दिसले. एकाच जिन्यावर राहणारी, बहुधा एकाच बाजूच्या मुलुखातून आलेली माणसे एकमेकांवर दगड घेऊन धावली. दोघांसही दहा-बाय-दहाची खोलीच मिळाली होती. पण भांडण शेजाऱ्याशी झाले, खोलीशी नव्हे.

आमच्या मते या तुलनेतून निघते ते इतकेच. प्रवासी समाजाचे कल्याण केवळ मजुरीने मोजू गेल्यास कुणबी पुढे दिसतो. शिक्षणाने मोजल्यास महार. जमिनीने पुन्हा कुणबी. आणि गमावलेले किती परत मिळविले या मापाने पुन्हा दुसरा. एकाच मापाने दोघांस मोजणारा मनुष्य कोणाची तरी बाजू घेत असतो. जमिनीचा आधार आणि शाळेची वाट या दोन्ही गोष्टी ज्या घरास एकत्र मिळाल्या, तेच घर खरोखर स्थिर झाले. पहिली एकास मिळाली, दुसरी दुसऱ्यास. आणि दोघांची अदलाबदल होऊ शकली असती ती जागा, गावची वेस, मध्ये आडवी आली.

आज या खोऱ्यातून फिरताना गावोगावच्या देवळांवर, विहारांवर व शाळांच्या भिंतींवर ‘मुंबई मंडळा’च्या पाट्या दिसतात. वाडीचे मंडळ वेगळे, बौद्धवाडीचे वेगळे. दोन्ही पाट्यांमागे घाम सारखाच आहे. उमरठच्या समाधीपुढे उभे राहिले म्हणजे मालुसऱ्यांच्या शौर्याबरोबर आम्हांस गोडवलीहून आलेले ते कुटुंबही आठवते. त्या परक्यास या मातीने आपले म्हटले, म्हणून ते गाव त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. या मातीतून मुंबईस गेलेल्या दोन्ही प्रवाशांस, ते सुटीत घरी येतील तेव्हा, एकाच वेशीतून आत येता यावे, एवढेच आमचे मागणे आहे.