कच्च्या फिल्मची शिस्त

चित्रपट शिकवणारी सर्वांत जुनी मानली जाणारी शाळा मॉस्कोत १९१९ साली सुरू झाली आणि विद्यार्थ्यांना चित्रीकरणासाठी फिल्मच मिळेना. यादवी युद्धाने रशियाची कोंडी केली होती. लेव्ह कुलेशोव यांच्या वर्गाने त्यावर तोडगा काढला तो फिल्मविना चित्रपटांचा. विद्यार्थी प्रसंगाचे लहान लहान तुकडे पाडत आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक शॉट असे धरून ते प्रेक्षकांसमोर करून दाखवत. शॉट कुठे सुरू होतो, कुठे तुटतो आणि पुढच्याला कसा जोडला जातो, याचा निर्णय कॅमेऱ्याआधी घ्यायची सवय अशी टंचाईतून लागली.

भारतात अशी शाळा यायला बराच वेळ लागला. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१च्या अहवालात प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली आणि १९६० साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. जागा होती ‘प्रभात’ची. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली ही कंपनी १९३३मध्ये पुण्याला आली, ‘संत तुकाराम’सारखे चित्रपट इथेच तयार झाले आणि पन्नाशीच्या दशकात कारभार आटोपला. ज्या फ्लोअरवर ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी काम केले, तिथे विद्यार्थ्यांना पहिला क्लॅप देता आला, हे भाग्य जगातल्या फार थोड्या चित्रपटशाळांना लाभले असेल.

या संस्थेतही कच्ची फिल्म मोजूनमापून मिळे. ती बहुतांशी आयात होत असे आणि देशाला परकीय चलनाची चणचण होती. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, सेकंदाला २४ चौकटी पळतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट. चारशे फुटांचा डबा साडेचार मिनिटांच्या आत संपतो. नटाचा एक शब्द चुकला, मागून रिक्षा गेली, की टेक एन.जी., म्हणजे ‘नो गुड’, आणि तेवढे फूट वाया. म्हणून तालमी कॅमेरा बंद ठेवून, पुन्हा पुन्हा होत. शॉट डिव्हिजन आदल्या दिवसापर्यंत कागदावर पक्के व्हावे लागे.

कॅमेरा सहायकाचे काम सगळ्यांत जोखमीचे. काळ्या चेंजिंग बॅगेत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून, काही न दिसता, केवळ स्पर्शाने फिल्म मॅगझिनमध्ये भरायची. वर टेप गुंडाळून फिल्मचा प्रकार, किती फूट आणि तारीख लिहायची. शॉट ओके झाला तरी युनिट लगेच हलत नसे. आधी कॅमेऱ्याचे गेट उघडून टॉर्चने पाहिले जाई. फिल्मचा बारीकसा कपचा तिथे अडकला असेल, तर पडद्यावर तो दोरखंडाएवढा दिसतो आणि शॉट पुन्हा घ्यावा लागतो. नेगेटिव्ह धुऊन रश प्रिंट हाती येईपर्यंत चूक कळायला दुसरा मार्ग नव्हता.

दिवसाचा क्रमही याच काटकसरीने ठरे. एका दिशेची प्रकाशयोजना लागली की त्या दिशेचे सगळे शॉट एकदम उरकायचे, मग ते कथेत पहिले असोत की शेवटचे. असे उलटसुलट चित्रण झाल्यावर संकलकाच्या टेबलावर ते जुळावे, यासाठी कंटिन्युइटीची वही लागते. पेल्यात चहा किती उरला होता, पदर कोणत्या खांद्यावर होता, कोणत्या शब्दावर नटाने मान वळवली, हे सारे तिच्यात उतरवले जाते. सकाळचा पहिला शॉट लांबला की त्याची किंमत संध्याकाळी, उजेड उतरताना, चुकती करावी लागते. तेव्हा जे शॉट गळतात ते बहुधा ऐकणाऱ्या पात्राचे क्लोज-अप असतात आणि संकलनात नेमकी त्यांचीच उणीव सर्वाधिक भासते.

दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी आणि संकलन अशा शाखांचे विद्यार्थी एकाच युनिटमध्ये राबतात, हे पुण्याच्या पद्धतीचे खरे बळ. त्यांतही ध्वनीला नवशिके दुय्यम मानतात. वास्तविक शेवटच्या शॉटनंतर सगळ्यांनी स्तब्ध उभे राहून त्या खोलीची नुसती शांतता मुद्रित करायची असते. ती नसली तर संवादांच्या मधल्या जागा पोकळ वाटतात. उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’ या डिप्लोमा फिल्ममध्ये छोट्या घरात आलेल्या यंत्राचा आवाज मुलाचे जगच व्यापून टाकतो. तिथे कथा आवाजानेच पेलली आहे. त्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसाच त्याआधी गिरीश कासरवल्ली यांच्या ‘अवशेष’लाही मिळाला होता.

डिजिटल कॅमेरा आल्यावर फुटांचा हिशेब संपला. मॉनिटरवर शॉट तिथल्या तिथे पाहता येतो, गेट तपासावे लागत नाही. त्यामुळे टेक वाढले, तालमी कमी झाल्या आणि निवडीचा भार संकलकावर गेला. हा बदल निव्वळ फायद्याचा नाही. टंचाई मात्र गेलेली नाही, आता ती दिवसांची आहे. संस्थेच्या दूरचित्रवाणी विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात चिदानंद नाईक यांनी केलेली सोळा मिनिटांची कन्नड फिल्म चार दिवसांत चित्रित झाली. म्हातारी कोंबडा पळवते आणि गावात सूर्यच उगवत नाही, अशी ती लोककथा. २०२४ साली कान महोत्सवात चित्रपटशाळांच्या स्पर्धेत तिला पहिले पारितोषिक मिळाले.