लहान देणगी आणि दूरचा देणगीदार

मतदारसंघाबाहेरून उमेदवाराकडे येणारा पैसा मतदारांना दिसावा की नाही, हा वाद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जुना आहे. तेथील संघीय कायद्याने देणगीदाराचा पत्ता विचारला, परंतु नाव उघड करावयाचे की नाही हे मात्र रकमेवरून ठरविले. पुढील गुंतागुंतीचे मूळ येथे आहे.

१९१० च्या कायद्याने १०० डॉलर वा अधिक देणाऱ्यांची नावे व पत्ते जाहीर करण्याचे बंधन पक्षसमित्यांवर घातले. ते राष्ट्रीय समित्या आणि दोन वा अधिक राज्यांतील निवडणुकांवर प्रभाव पाडणाऱ्या समित्या यांच्यापुरतेच होते. १९२५ च्या कायद्यातही हीच चौकट राहिली. स्थळाचा विचार झाला तो समितीच्या, देणगीदाराच्या नव्हे. आणि एकाच राज्यात काम करणारी समिती त्यातून निसटत असे. १९७१ च्या कायद्याने ही पळवाट बुजविली व १०० डॉलरहून अधिक देणाऱ्याचा व्यवसायही विचारला. ही मर्यादा फार खालची असली तरी सर्वस्वी अतार्किक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ‘बक्ली विरुद्ध व्हॅलिओ’ या खटल्यात म्हटले. १९७९ च्या दुरुस्तीने ती २०० डॉलर झाली आणि तेथेच थांबली. व्यक्तीने उमेदवारास द्यावयाच्या देणगीची कमाल मर्यादा २००२ च्या कायद्यान्वये महागाईनुसार वाढते. प्रकटीकरणाची मर्यादा वाढत नाही.

बाहेरच्या पैशाला थेट आवर घालण्याचे प्रयत्न राज्यांनी केले. ऑरेगॉनच्या मतदारांनी १९९४ मध्ये अशा देणग्यांवर १० टक्क्यांची मर्यादा घातली. ती संघीय अपील न्यायालयाने १९९८ मध्ये रद्द ठरविली. अलास्काने परराज्यातील देणग्यांच्या एकूण रकमेवर घातलेले बंधनही २०२१ मध्ये त्याच न्यायालयात टिकले नाही. बंदी शक्य नसल्याने प्रकटीकरणाचे महत्त्व वाढले.

येथेच एक विसंगती दिसते. दूरच्या गावाहून उमेदवारास थेट १० डॉलर पाठविणारा मनुष्य अहवालात अनाम राहतो. तीच रक्कम त्याने २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘ॲक्टब्लू’सारख्या मध्यस्थ संस्थेमार्फत पाठविली, तर नियमानुसार त्या संस्थेस त्याचे नाव व पत्ता कळवावा लागतो. रक्कम तीच, देणगीदार तोच. केवळ मार्ग बदलल्याने तो प्रकाशात येतो.

मतदारास प्रतिनिधीचे पाठीराखे कोठले आहेत हे जाणण्याचा हक्क आहे, हे खरे. परंतु प्रकटीकरणाने छळाचा संभव असल्यास त्यातून सूट द्यावी लागते, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ओहायोतील समाजवादी कामगार पक्षाच्या प्रकरणी मान्य केले. मतदाराला प्रत्येक नाव कळण्याची गरज नाही. लहान देणग्यांपैकी किती रक्कम मतदारसंघाबाहेरून आली, एवढी एकत्रित बेरीज पुरेशी आहे. शंभराहून अधिक वर्षे पत्ते गोळा करणाऱ्या कायद्याने उमेदवाराकडून ती बेरीज मात्र मागितलेली नाही.