बोरघाटातला मुकादम

आपल्या कोपरवरून जाणारा लोहमार्ग 1854 मध्ये कल्याणला पोचला. खरी कसोटी पुढे होती, बोरघाटात. तिथलं काम 1856 मध्ये सुरू झालं. ठेकेदार फॅविएल, मुंबई-ठाणे मार्ग बांधलेला, अनुभवी माणूस. पण मजूर साहेबाला थोडेच ओळखत? ते ओळखत मुकादमाला. गावाकडून टोळी आणणारा तो, सकाळी कामाला लावणारा तोच. त्याच्या शब्दाला वजन कशामुळे, तर मजुरी वेळेवर मिळण्यामुळे, असं माझं मत. ती थकली, 1859 मध्ये दंगा झाला, काम बसलं. फॅविएलने ठेका सोडला. नंतरचे सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी व्यवस्थापक नेमून काम चालू ठेवलं. 1861 मध्ये घाटात 40,000हून जास्त माणसं राबत होती. 1863 मध्ये गाडी घाट चढली.