नकाशातून काढलेलं गाव

विटनूम. पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या उत्तरेला हजारेक किलोमीटरवर, पिलबरा नावाच्या लाल मातीच्या मुलखात हे गाव होतं. ‘होतं’ म्हणायचं कारण असं, की २००७ साली सरकारनं त्याचं नाव अधिकृत यादीतून काढून टाकलं. रस्त्यावरच्या पाट्याही काढल्या.

गावं ओस पडणं आपल्याला नवीन नाही. पटकी येते, धरण येतं, खाणीतला माल संपतो. आपलं अचलपूरच बघा. इमादशाहीची राजधानी होतं, ते राजधानीपण गेलं. परतवाड्याची छावणी गेली. पण गाव आहे आपलं जागच्या जागी. विटनूमला ती सोय नव्हती. तिथली जमीनच राहण्याजोगी उरली नाही.

कारण अ‍ॅस्बेस्टॉस. दगडातून निघणारा तंतू, जळत नाही, सडत नाही, म्हणून त्याचं केवढं कौतुक! आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यांत असतो तोच. विटनूमचा निळ्या जातीचा, सगळ्यात घातक. १९३० च्या दशकात लँग हॅनकॉक या माणसानं तिथल्या घळीत खाणकाम सुरू केलं आणि १९४३ मध्ये सीएसआर नावाच्या कंपनीनं ते हाती घेतलं. ही कंपनी मूळची साखरवाली, बरं का. १९४७ पासून घळीच्या तोंडाशी गाव वसलं. युद्धानंतर इटलीतून आणि युरोपातल्या इतर देशांतून पोटासाठी आलेली माणसं तिथे कामाला लागली. सगळी वर्षं मिळून सुमारे २० हजार लोक त्या गावात राहून गेले.

खाणीतून तंतू काढून उरलेला भुसा फुकट मिळायचा. तो रस्त्यांवर पसरला, विमानाच्या धावपट्टीवर पसरला, शाळेच्या मैदानात आणि घरांच्या अंगणातही टाकला. लाल धूळ बसते ना त्यानं! पोरं त्या ढिगांवर खेळायची. गावकऱ्यांना काय दोष द्यायचा? आपणही चिखल झाला की हाताला लागेल ते टाकतोच.

पण ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं होतं, आणि मला राग येतो तो इथे. १९४८ मध्ये एरिक सेंट नावाच्या डॉक्टरनं खाण बघितली आणि आरोग्य खात्याला लिहून कळवलं, की इथे अ‍ॅस्बेस्टॉसनं फुप्फुसं निकामी झालेल्या माणसांचं अमाप पीक येणार आहे. गाव तेव्हा वर्षभराचं होतं! १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातले ३३ रुग्ण, सगळ्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. त्यातल्या काहींनी खाणीत कधी कामच केलं नव्हतं, नुसते लहानपणी तिथे राहिले होते. तरी विटनूमची खाण चालूच राहिली. १९६६ च्या शेवटी ती बंद पडली तीही तोट्यामुळे.

एवढं निवांत राहता आलं याचं एक कारण म्हणजे हा रोग फार सावकाश येतो. तंतू श्वासातून आत गेल्यावर तीस-चाळीस वर्षं काहीच होत नाही. तोवर माणूस गाव सोडतो, संसार करतो, नातवंडं खेळवतो आणि मग एक दिवस छातीत पाणी होतं. कंपनीवर दावे लागले, १९८८ मध्ये कामगारांच्या बाजूनं निकालही लागला. विटनूममुळे दोन हजारांवर माणसं गेली असा अंदाज आहे.

गाव रिकामं करायला सरकारनं १९७८ मध्ये सुरुवात केली. काही हट्टी माणसं राहिलीच. २००६ मध्ये वीज तोडली, तरी राहिली. शेवटी २०२२ मध्ये खास कायदा करून उरलेल्या एकमेव रहिवासी बाईंना बाहेर काढलं आणि २०२३ मध्ये घरं पाडली. घळीत तीस लाख टनांवर भुसा अजून पडलेला आहे. ती जमीन मुळात बंजिमा या आदिवासींची. नाव पुसलं गेलं, पण त्यांना जमीन काही परत वापरता येत नाही.

आपल्या देशातही असे ढीग आहेत. झारखंडात चाईबासाजवळ रोरोच्या डोंगरातली खाण १९८३ मध्ये बंद झाली, भुसा उघड्यावर तसाच राहिला. १९८६ पासून नवे खाणपट्टे देणंही थांबलं. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात मात्र चालू आहे, आणि त्याचेच पत्रे परतवाड्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात. पांढरा निळ्याइतका वाईट नाही, असं विकणारे सांगतात. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच जाती कर्करोगकारक मानते. पत्रा अख्खा असला तर तंतू सिमेंटमध्ये अडकून राहतो. तो जुना होऊन झिजला, करवतीनं कापला, घणानं फोडला की मोकळा होतो.

आता घरच्यांसाठी. कोठ्यावरचे पत्रे पावसाळ्याआधी उतरवायचे ठरलंय आणि फोडून तुकडे दारापुढच्या चिखलात घालायचे असं भाऊ म्हणाला. तसं करू नका. आधी पाणी मारून पत्रे चिंब करा, हुकांचे नट सोडवून अख्खे उतरवा, फेकू नका. खाली पडलेला चुरा कोरडा झाडू नका, ओल्या फडक्यानं उचला. तोंडाला नुसता दुपट्टा पुरत नाही, चांगले मास्क मी कुरिअरनं पाठवतोय. पोरांना दोन दिवस आत्याकडे ठेवा. उतरवलेले पत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका बाजूला रचून ठेवा, त्यांचं पुढे काय करायचं ते मी आल्यावर नगरपालिकेत विचारू. आणि काका, चिखलासाठी दोन ट्रॉली मुरूम सांगून टाका. पैसे मी देतो.