310 जीबी ते साडेचार जीबी

31 जानेवारी 2017, 17:20

सगळ्या वेळा यूटीसीतल्या. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवावेत. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब डॉट कॉम या साइटचा एक इंजिनिअर मुख्य डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची डिस्कची प्रत, घेतो आणि स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, चढवतो. डेटाबेसवरचा भार वाटून देण्यासाठी पीजीपूल वापरता येईल का, हे त्याला तपासायचंय आणि त्यासाठी ताजा डेटा हवा. असा स्नॅपशॉट दिवसातून एकदा आपोआप निघतोच. हा जादाचा, सोयीसाठी काढलेला. नंतरच्या जाहीर नोंदींमध्ये या माणसाचं नाव नाही, ‘टीम-मेंबर-1’ एवढाच उल्लेख आहे. तो लक्षात ठेवावा, पुन्हा भेटणार आहे.

19:00

डेटाबेसवरचा लोड चढू लागतो. लोकांना इश्यूंवर शेरे टाकता येईनासे होतात. संशय स्पॅमवाल्यांवर आहे आणि तो खराही आहे. कुणीतरी आपली रिपॉझिटरी फाइली वाटण्याचं केंद्र म्हणून वापरतोय आणि 47,000 आयपी पत्त्यांवरून एकाच खात्यात लॉगिन होतंय. पण आणखी एक कारण आतूनच आहे, आणि ते नंतर उघड होतं. गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं कुणीतरी गैरवापराचं म्हणून नोंदवलं होतं. ते चुकून काढून टाकायच्या यादीत गेलं आणि आता एक बॅकग्राउंड जॉब त्या माणसाचा सगळा डेटा पुसत बसलाय.

लोडचा आलेख या दोन्हींना एकाच रेषेत दाखवतो. पोस्टग्रेस या त्यांच्या डेटाबेस-प्रणालीत आत काय चाललंय ते सांगणारे तक्ते आहेत: कोणती क्वेरी किती वेळ चालली, कोण कुणाच्या लॉकसाठी थांबलंय. ते वाचायला निवांतपणा लागतो, आणि साइट अडखळत असताना निवांतपणाच नसतो.

22:00 च्या सुमारास

पेजर वाजतो. दुय्यम डेटाबेस मुख्य डेटाबेसच्या सुमारे 4 जीबी मागे पडलाय आणि आता थांबलाच आहे.

इथे यंत्र थोडं उघडून पाहायला हवं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो, 16 एमबीच्या तुकड्यांत. दुय्यम सर्व्हर हे तुकडे ओढून घेतो आणि तेच बदल स्वतःकडे करतो. मुख्य सर्व्हर जुने तुकडे ठरलेल्या मर्यादेपर्यंतच ठेवतो, मग खोडतो. 4 जीबी म्हणजे अडीचशेच्या आसपास तुकडे. दुय्यमाला हवा असलेला तुकडा तोवर खोडला गेला होता. तुकडे दुसरीकडे साठवून ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, पण गिटलॅबनं ती चालू केलेली नव्हती.

म्हणजे मोजायला हवं होतं ते दुय्यम किती मागे आहे एवढंच नव्हे, तर खोडण्याची रेघ त्याच्यापासून किती दूर उरली आहे हेही. पहिल्या आकड्यावर अलार्म लावला तर तो घर जळल्यावर वाजतो. दुसऱ्यावर लावला असता तर काही वेळ तरी हाताशी राहिला असता. मला विचाराल तर त्या रात्रीची पहिली मोठी चूक हीच. आणि ती त्या रात्री झालेली नाही.

23:00

आता उपाय एकच: दुय्यमाची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची आणि पीजी-बेसबॅकअप चालवून मुख्य डेटाबेसची पूर्ण प्रत ओढायची. टीम-मेंबर-1 च्या गावी रात्र झाली आहे. आपण आता निघतो, असं तो मघाशीच सांगून बसला होता.

आधी तक्रार येते की मुख्य सर्व्हरवर लॉग पाठवणाऱ्या प्रोसेसची मर्यादा अपुरी आहे. ती 3 वरून 32 केली जाते. बदल लागू करायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो आणि आता पोस्टग्रेस उठायलाच तयार नाही: सेमाफोर फार झाले. जोडण्यांची कमाल मर्यादा 8000 ठेवलेली असते. जवळपास वर्षभर ती तशीच चालली, आज नडली. ती 2000 वर आणल्यावर सर्व्हर उठतो.

पीजी-बेसबॅकअप मात्र गप्प. एरर नाही, प्रगतीचा आकडा नाही, काही नाही. प्रोसेस आत काय करतेय ते दाखवणारं एस-ट्रेस हे अवजार लावून पाहिलं तरी तो कशाची तरी वाट पाहतोय एवढंच दिसतं. खरी गोष्ट अशी की तो बरोबर चालला होता. मुख्य सर्व्हर प्रत द्यायला सुरुवात करेपर्यंत तो मुकाट थांबतो, आणि याला काही मिनिटं लागू शकतात. टीममधल्या दुसऱ्या एका इंजिनिअरला हे ठाऊक होतं, पण या घडीला स्क्रीनसमोर बसलेल्याला नव्हतं. ‘थांबलोय’ एवढं तरी त्या आज्ञेनं छापलं असतं तर!

23:27

आधीच्या प्रयत्नात डिरेक्टरीत काही फाइली उरल्या असाव्यात, म्हणून पीजी-बेसबॅकअप अडून बसलाय, असं टीम-मेंबर-1 ला वाटतं. तो डिरेक्टरी उडवण्याची आज्ञा देतो. एक-दोन सेकंदांत लक्षात येतं: ही खिडकी डीबी-2 ची, म्हणजे दुय्यमाची, नाही; डीबी-1 ची, म्हणजे मुख्य सर्व्हरची आहे. आज्ञा तोडली जाते. सुमारे 310 जीबींपैकी साडेचार जीबी उरलेत.

मध्यरात्रीनंतर

बॅकअप शोधायला सुरुवात होते. रोज पीजी-डंप काढून अ‍ॅमेझॉनच्या एस3 वर ठेवला जातो. निदान तशी समजूत असते. तिथली बादली (बकेट) रिकामी निघते. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा आणि डंप काढणारं अवजार 9.2 चं, त्यामुळे ते रोज अपयशी होत होतं. अपयशाची ईमेल निघत होती, पण ईमेलचा अस्सलपणा तपासणाऱ्या डीमार्कच्या नियमांत बसत नसल्यानं ती नाकारली जात होती. अ‍ॅझूरचे डिस्क स्नॅपशॉट फाइल सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेस सर्व्हरसाठी नव्हते. दुय्यम सर्व्हर तर मघाशीच पुसलेला.

बादलीतल्या शेवटच्या फाइलचं वय आणि आकारमान हे दोनच आकडे कुणी रोज बघितले असते तरी पुरे होतं. त्याला ना खास अवजार लागतं, ना इंजिनच्या आतलं ज्ञान.

उरतो तो 17:20 चा स्नॅपशॉट. ज्यानं डेटा पुसला, त्यानंच सहा तासांपूर्वी तो काढून ठेवलेला.

1 फेब्रुवारी, दिवसभर

स्टेजिंगच्या डिस्क स्वस्तातल्या आणि संथ. प्रत यायला सुमारे 18 तास लागतात. गिटलॅब आपली नोंदवही जाहीर खुली करतं आणि युट्यूबवर दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण लावतं. हजारो लोक फाइली कॉपी होताना पाहत बसतात. भारतात गिटलॅब वापरणाऱ्यांची पहाट साइट बंद पाहून उजाडली आणि ती परत यायला रात्रीचे साडेअकरा वाजले.

18:00

साइट उघडते. गेलेल्या नोंदींचे क्रमांक पुन्हा दुसऱ्या कुणाला मिळू नयेत म्हणून डेटाबेसमधले सगळे अनुक्रमांक 1 लाखानं पुढे सरकवलेले आहेत. गिट रिपॉझिटरी वेगळ्या साठ्यात होत्या, त्या शाबूत राहिल्या. 17:20 नंतरचे सुमारे 5000 प्रकल्प, 5000 शेरे आणि 700 नवी खाती मात्र परत आली नाहीत. पुढच्या सुधारणांच्या यादीत प्रत्येक सर्व्हरच्या प्रॉम्प्टवर आपण कुठे आहोत हे ठळक दिसावं, असं एक कलम होतं. दुसरं होतं प्रोमिथियस या देखरेखीच्या अवजारातून बॅकअपवर नजर ठेवण्याचं.